धुऱ्यावरचा भात

"तू तिकडं धुऱ्यावर बस. पंगतीत नको."

मालकीणबाईनं सगळ्या बायांसमोर म्हनलं. सीतादहीचा दिवस होता. कापूस वेचाले सुरुवात करताना आमच्याकडं वावरात पूजा करतात, दहीभात शिंपडतात, मंग वेचनाऱ्या बाया तिथंच पंगतीत जेवतात. चिखलीकडच्या त्या वावरात पूजा दरसाल मीच करो. माह्या हातगुनाचं मालकीणबाई कौतुक करे.

त्या साली माह्या मनगटावर चट्टा निघाला. बधिर. निंदताना काटा टोचला तरी समजे नाही. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीनबाईनं कुष्ठरोग सांगतला. गोळ्या देल्ल्या. म्हने, बरा होते, गोळ्या सुरू झाल्या की दुसऱ्याले लागत नाही. मी जावेले सांगतलं, आन ते गावभर झालं. 'कुष्ठरोग बरा होतो' हे मालकीणबाईच्याच घराच्या भिंतीवर निळ्या रंगात लिहेल होतं. त्याच भिंतीले टेकून बाया म्हनत, मागल्या जन्माचं पाप फेडून राह्यली बिचारी. ते 'बिचारी' मले लय झोंबे.

वावराच्या बांधावर, धुऱ्यावर जाऊन बसली. मालकीणबाईनं पळसाच्या पानावर भात टाकला आन पान पायानं सरकवलं. पायानं. अन्न होतं ते.

वरून म्हने, "जेव, मंग शेवटच्या तासाले, त्या कडेच्या ओळीले लाग. बीटीचा कापूस एकदम फुटला. बाया पुरून नाही राह्यल्या."

माह्या अंगाची लाहीलाही झाली. मी उठली. "माह्या हातचा कापूस चालते, आन हात चालत नाही?"

"कापसाले काय होते वो?"

मी सरळ पंगतीत जाऊन बसली. भाताच्या गंजात हात घालून भात घेतला. बाजूची बाई सरकली. माही जाऊ बी सरकली. कोनी घास उचलला नाही. मी एकटीच जेवली, सावकाश, रडू येत होतं तरी. मंग कापूस वेचाले कमरेले बांधेल ओटी सोडली, झटकली आन घरी गेली. मालकीणबाई मागून हाका मारत होती. कापूस तसाच उभा होता.

गोळ्या पुऱ्या केल्या. चट्टा गेला. तो होता तवाबी मी बाही खाली ओढली नाही. आता गावात कोन्या बाईच्या अंगावर चट्टा दिसला की तिचा हात धरून दवाखान्यात नेते. लोकं पाहतात. पाहू दे.

आन वेचाले बोलवाले कोनी आलं की मी पहिले इचारते, जेवाले कुठं बसवसान? पंगतीत बसवत असान तर येते. धुऱ्यावर बसवत असान, तर तुमचा कापूस लोंबू द्या झाडाले.