उतरणीच्या गल्लीतला शेवटचा नळ

"धबधबे बघायला कुठं कुठं हिंडतेस, एकदा नळाचं पाणी कुठून येतं ते बघायला ये की!" कॉलेजातल्या मैत्रिणीनं, संघमित्रानं, फोनवर सुनावलं आणि शनिवारी पहाटेच मी पुण्याहून गाडी काढली. शिरूर-दौंड पट्ट्यातल्या एका लहान शहराच्या पाणीपुरवठ्यात ती केमिस्ट आहे. शहराचं नाव लिहायचं नाही, ही तिची अट.

नगर रस्त्यानं जाणार असाल तर वाघोली सातच्या आत ओलांडा. नाहीतर कंपन्यांच्या बसगाड्यांमागे अडकाल. कारेगावात कामगारांच्या गर्दीत पोहे-चहा पन्नासच्या आत होतो.

शुद्धीकरण केंद्रात नदीचं पाणी चहासारखं गढूळ आत येतं. तुरटी मिसळली की गाळाचे कण एकमेकांना धरतात, कापसासारखे पुंजके होऊन तळाशी बसतात. पुढे वाळूचे थर, मग क्लोरीन. शेवटच्या टाकीत वाकून पाहिलं तर तळाची पायरीन् पायरी दिसत होती. मी बघतच राहिले.

"इथं सगळं नजरेसमोर असतं," संघमित्रा म्हणाली. "खरी भीती इथून घरापर्यंतच्या पाइपात." भिंतीवरच्या नकाशावर लाल ठिपके होते: पिण्याची लाइन गटाराजवळून जाते त्या जागा. तिथलं पाणी ती रोज तपासते.

त्यातल्याच एका उतरणीच्या गल्लीत आम्ही गेलो. काचेच्या नळीत पाणी, वर औषधाचे थेंब. पिवळं झालं तर क्लोरीन शिल्लक आहे; घाण शिरली की ते तिच्यातच खर्ची पडतं. पहिल्या नळाचं पिवळं झालं. शेवटच्या नळाचं झालंच नाही. तिनं नळी धुऊन पुन्हा पाहिलं. तसंच.

"आप्पा, लाइन बंद करा!"

किसनआप्पा, साठीला टेकलेले वॉलमन, चावी घेऊन धावले. संघमित्रा दारोदार सांगत सुटली. एका घरापुढे मांडव होता, बारशासाठी दोन पिंपं भरलेली.

"अवं ताई, शंभर माणूस जेवायला यायचंय आन् पाणी वतून द्या म्हंता?" बाळाची आजी भडकली. "चांगलं नितळ तर हाय!"

"नितळ आहे, मावशी. पण कुठंतरी गटार शिरलं असणार. माझं चुकलं तर मला बोला, पण बाळाच्या आईला हे पाजू नका. टँकर सांगितलाय."

आजींनी एकदा पाळण्याकडे पाहिलं. मग पदर खोचून स्वतःच पिंप कलंडवलं.

आप्पांनी वॉल्व्ह किंचित उघडला, रस्त्यावर लोखंडी गज टेकवला आणि वरच्या टोकाला कान लावला. पावलापावलावर ऐकत एके ठिकाणी थांबले. "हितंच हाय. ऐका." मी कान लावला. सिमेंटखालून बारीक, अखंड सूं... अंगावर काटा आला.

"कसं कळतं हो, आप्पा?"

"बत्तीस वर्सं ह्योच आवाज ऐकतोय. घरी टीव्ही मातुर ऐकू येत न्हाई."

खणलं, तर बरोबर तिथंच गटाराखाली पाइपाचा सांधा चिरलेला. पाणी बंद असताना लाइन रिकामी होते आणि अशी चीर घाण आत ओढते. टँकरच्या पाण्यावर बारसं झालं. दुपारी नवा सांधा बसला, लाइन धुऊन काढली आणि नळीतलं पाणी पिवळं झालं. मी टाळ्या वाजवल्या. संघमित्रानं आणखी दोनदा तपासलं. आजींनी आम्हा तिघांना घुगऱ्या आणून दिल्या.

परतताना न्हावऱ्यावरून चौफुल्याला निघाले. भीमेच्या पुलापाशी गाडी बाजूला घेऊन बराच वेळ पाणी बघत बसले. किती गावांच्या घशाखाली हे उतरतं! यवतला पिठलं-भाकरी खाल्ली आणि अंधार पडता पडता घरी पोचले.

आठवडाभरानं संघमित्राचा फोन आला. रोज त्या गल्लीत घरोघर जाऊन ती जुलाब-उलट्यांची चौकशी करत होती.

"मग? काय झालं?" मी घाबरून विचारलं.

"काहीच झालं नाही गं," ती म्हणाली. पहिल्या नंबरानं पास झालेल्या मुलीसारखा तिचा आवाज होता. "कुणालाच काही झालं नाही!"