लॉरीचं डावं वळण

माझा नातू मोटार चालवतो ती एका बोटाने. मी शेजारी जीव मुठीत धरून बसलेली असते. ओरडले की म्हणतो, "आजी, पॉवर स्टिअरिंग आहे." असेल बाबा. आमच्या काळात पॉवर म्हणजे ड्रायव्हरचे दंड. दुसरी कुठली पॉवर गाडीत नव्हती, आणि ह्यांच्या बाबतीत तर तीसुद्धा जाता जाता राहिली.

हे म्हणजे आमचे यजमान. लालबागला एका शेठची लॉरी चालवायचे, गिरणीतून कापडाच्या गाठी भरायच्या आणि गोदामात नेऊन टाकायच्या. लॉरी लढाईतली होती. लढाई संपली, साहेब घरी गेले आणि गाड्या भंगाराच्या भावात इथेच राहिल्या, त्यातली एक. मी गिरगावात वाढलेली, शाळेतल्या बाईंसारखं बोलणारी. हे पक्के मालवणी. लग्नानंतर वर्षभर ते बोलायचे आणि मी अंदाजाने हसायचे.

संयुक्त महाराष्ट्राचे ते दिवस. चाळीत एकेका घरातला एकेक माणूस रोज कुठल्या ना कुठल्या सभेला गेलेला असायचा, आणि आमच्या घरातला तर पहिल्या रांगेत. अशाच एका मोर्चात ह्यांच्या उजव्या खांद्यावर लाठी बसली. डिलाईल रोडला राहणारा ह्यांचा दोस्त, गिरणीतला फिटर, ह्यांना धरून घरी घेऊन आला. सदरा न काढताच हे आडवे झाले. मी तेलाची वाटी आणली तर म्हणाले, "कित्याक? माका काय झाला?"

त्यानंतर खांद्याला हात लावू दिला नाही. सदरा बदलायचे तो दाराआड जाऊन. पण मी काय आंधळी होते? फळीवरचा डबा मलाच काढायला सांगायचे. जेवताना घास वर नेण्याऐवजी तोंड ताटाकडे न्यायचे. विचारलं की चिडायचे, म्हणून मी विचारायचं सोडलं आणि ताट पाटावर ठेवायला लागले.

त्याच सुमाराला ह्यांची तक्रार सुरू झाली की स्टिअरिंग वळता वळत नाही. "गाडी जड झाली हा," एवढंच म्हणायचे. गळती होती हे खरं. स्टिअरिंगचं चक्र ज्या दांड्यावर असतं, त्याच्या खालच्या टोकाला दातेरी चाकांची एक लोखंडी पेटी असते, तिला बॉक्स म्हणतात. त्या बॉक्समधून तेल ठिबकायचं. लॉरी उभी राहील तिथे काळा डाग. शेठच्या मिस्त्रीने तेल टिकत नाही म्हणून आत ग्रीस कोंबून ठेवलं होतं, आणि गाडी चांगली आहे असं तोच सगळ्यांना सांगत फिरायचा. नाक्यावरचे बाकीचे ड्रायव्हर हसायचे. गाडी जड की हात हलका, असं ह्यांच्या तोंडावर विचारायचे.

खरं सांगायचं तर माझाही ह्यांच्यावर विश्वास नव्हता. मला वाटायचं, हात गेलाय आणि हा माणूस लोखंडावर खापर फोडतोय. मी बोलले नाही, पण बायको बोलत नाही म्हणजे काय, ते नवऱ्याला कळतंच.

शेवटी शेठ म्हणाला, बॉक्स बदलून घ्या. रविवार घ्या. त्यानंतरही गाडी जड वाटली, तर मग मला माणूस बदलावा लागेल. घरी येऊन ह्यांनी मला ते सांगितलं आणि भिंतीकडे तोंड करून बसले. मी त्या आठवड्यात देवाला काय काय कबूल केलं, ते आता सगळं आठवतसुद्धा नाही. गाडी हलकी झाली तर ह्यांचं खरं. नाही झाली, तर हात गेला. चौदा वर्षं ज्या हाताने पोट भरलं तो गेला, आणि पुढे करायचं काय ते दोघांनाही माहीत नव्हतं.

शेठच्या मिस्त्रीवर ह्यांचा भरवसा नव्हता, म्हणून रविवारी फिटर दोस्त आला. हा माणूस नुकताच बौद्ध झालेला. सणवार, पूजाअर्चा सगळं सोडलं होतं. मी त्याला त्यावरून चिडवायचे आणि तो माझ्या उपासांवरून मला. येताना भंगारातून शोधलेला, पण धुऊन-पुसून, नवीन सील घालून आणलेला बॉक्स बाळासारखा कडेवर घेऊन आला.

लॉरी आमच्या गल्लीच्या तोंडाशी उभी होती. मी गॅलरीत तांदूळ निवडत बसले, पण लक्ष सगळं खाली. त्याने पुढची बाजू जॅकवर चढवली. टपात, म्हणजे ड्रायव्हर बसतो तिथे, चढून चक्र जरा फिरवलं, मान तिरकी करून बघितलं आणि मग खाली घुसला. बॉक्सपासून चाकांकडे जाणारा लोखंडी हात असतो, त्याचा नट काही केल्या सुटेना. तासभर दोघे आळीपाळीने घण घालत होते. हे डाव्या हाताने. अखेर जुना बॉक्स निघाला. आतलं ग्रीस एका बाजूला खरवसासारखं घट्ट बसलेलं, आणि दाते बिचारे कोरडे, झिजून पांढरे पडलेले. फिटरने तो वर करून मला दाखवला. "बघा वहिनी, हा म्हणत होता ते खोटं नव्हतं." मी मान खाली घालून तांदळाकडे बघितलं. लाज वाटली हो मला.

दुपारी नवा बॉक्स बसला, तेल भरलं, गाडी खाली आली. हे वर चढले, फिटर शेजारी. मी नाक्यापर्यंत चालत गेले, पदरात तांदळाचे चार दाणे तसेच. आमच्या नाक्यावर डावीकडे वळायचं. डावीकडे वळायला उजवा हात वर नेऊन चक्र ढकलावं लागतं, हे मला ह्यांच्यामुळे पाठ होतं.

लॉरी वळायला लागली आणि निम्म्यात थांबली. मागे घेतली, पुन्हा वळवली, पुन्हा तिथेच. हातगाडीवाले ओरडायला लागले. ह्यांचं तोंड घामाने भिजलं होतं. तिसऱ्यांदा प्रयत्न केला आणि मग हात चक्रावरून काढून मांडीवर ठेवले.

"संपला," ते म्हणाले. "हात गेलो माझो."

ते खाली उतरले आणि लॉरी भर रस्त्यात आडवी टाकून फुटपाथच्या कडेला बसले. मी जवळ जाऊन उभी राहिले. ते जमिनीकडे बघत होते. "उद्या चावी शेटक देवन येतंय," म्हणाले. तेवढ्या गोंगाटात मला ते बरोबर ऐकू आलं.

रस्ता तर मोकळा करायला हवा, म्हणून फिटर सरकून चक्रामागे बसला. त्याने डावीकडे फिरवलं. त्याचंही तिथेच अडकलं. त्याने उठून, पाय रोवून, दोन्ही हातांनी जोर लावला. नाही म्हणजे नाही.

"ए, इकडे ये!" तो वरून ओरडला. "अरे, माझं पण अडकतंय! तुझा हात नाय रे, गाडीच वळत नाय!"

हे उठले. मी त्यांच्याआधी टपाशी पोचले. फिटर कपाळाला हात लावून बसला होता. "असं कसं होईल? काढायच्या आधी चाकं सरळ करून घेतली होती मी. खूण वर होती."

"कुठली खूण?" मी विचारलं.

"ही काय, लाल. चाकं सरळ असली की चक्राच्या माथ्यावर लाल ठिपका मारून ठेवतात ड्रायव्हर लोक."

मी बघितलं आणि ओळखलं. तो ठिपका ह्यांनी मारलेला नव्हता. दसऱ्याला हे सभेला गेले होते, म्हणून लॉरीची पूजा मी केली होती. तेलात कालवलेलं कुंकू, चक्राच्या वरच्या बाजूला. लॉरी तेव्हा वळणावर तिरकी उभी होती, चाकं उजवीकडे वळलेली. मला काय कळतंय? वर दिसलं तिथे लावलं. त्यावर विसंबून फिटरने चाकं तिरकी असतानाच नवा बॉक्स मधोमध धरून जोडला. उजवीकडे गाडी हवी तेवढी वळत होती, डावीकडे कमी पडत होती.

मी अडखळत सांगितलं. फिटरने माझ्याकडे बघितलं, मग ठिपक्याकडे, आणि पोट धरून हसायला लागला. "सगळी पूजा सोडली वहिनी, आणि अडकलो कुठे, तर तुमच्या कुंकवात!"

हातगाडीवाल्यांनीच ढकलून लॉरी कडेला लावली. फिटर पुन्हा खाली गेला. ह्या वेळी चाकांना दोरी लावून, सरळ आहेत ना ते दोनदा बघून, लोखंडी हात जोडला. उन्हं उतरली होती. हे चढले. लॉरी नाक्यावर आली, डावीकडे वळली आणि वळतच गेली, एका दमात, आणि दिसेनाशी झाली. परळला वळसा घालून परत येईपर्यंत मी तिथेच उभी होते.

घरी आल्यावर फिटरने चहा घेतला आणि तो गेला. हे पाटावर बसले. मी कपबशी उचलत होते.

"सदरो काढ गो माझो," ते म्हणाले. "माका जमणा नाय."

मी बटणं काढली, बाही हळूच सोडवली. खांदा एका बाजूने खाली गेलेला, मांस आटलेलं, हाडाजवळ अजून पिवळट वण. पाच आठवडे हे माझ्यापासून लपवलं होतं. हात कामाचा आहे हे कळेपर्यंत तो दुखतोय म्हणायची ह्या माणसाची छाती झाली नव्हती.

"दुखता गो," ते म्हणाले. "पैल्या दिसापासून दुखता."

मी तेल गरम करायला उठले, तर त्यांनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं.

"रवांदे," म्हणाले. "बस हयसर जरा."