दोघींना वेगवेगळं विचारताना

माझ्या दोघी धाकट्या बहिणी कमरेला एकमेकींशी जोडलेल्याच जन्मल्या. तेव्हा डॉक्टरांनी त्यांना वेगळं करायला नकार दिला. आमचं घर पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूतलं. त्या मला अक्का म्हणतात. आई इथल्याच शिवाजीनगरहून कापड आणून त्यांचे कपडे स्वतः शिवायची, कारण माप घेताना शिंपी बावरून जायचे. दोघींतल्या जिला आम्ही थोरली म्हणतो तिला वाचनाचं वेड, धाकटीला माणसांचं. एक पुस्तकात बुडाली की दुसरी खिडकीतून भाजीवालीशी कन्नडमध्ये गप्पा मारायची.

विशीत आल्यावर एका नव्या डॉक्टरांनी सांगितलं, आता वेगळं करता येईल, पण दोघीही वाचतील याची खात्री नाही. "मला दोघींना वेगवेगळं विचारायचंय," ते म्हणाले, आणि म्हणताच त्यांच्या लक्षात आलं की एकीला बाहेर पाठवता येणार नाही. मग त्यांनी एकीच्या कानांना हेडफोन लावून मोठ्याने गाणी सुरू केली आणि दुसरीला हळूच विचारलं, मग उलट. आईचा धीर होईना, म्हणून त्या खोलीत मी होते.

धाकटी लगेच म्हणाली, "करा. एकदा तरी मला एकटीला चालायचंय."

थोरलीने हाताचं एकेक बोट मोडलं. मग म्हणाली, "नको. मला मरायची भीती वाटते."

होकार दोघींचाही हवा होता, म्हणून ऑपरेशन झालं नाही. कोण काय म्हणालं हे डॉक्टरांनी सांगितलं नाही, मीही नाही. पण त्यांना कळलंच होतं. ऑटोतून घरी येताना धाकटी रडत होती आणि तिच्या हुंदक्यांनी थोरलीचंही अंग हलत होतं. पुढे कित्येक दिवस त्या एकमेकींशी बोलल्या नाहीत. जेवायच्यासुद्धा दोन दिशांना तोंडं करून.

या वर्षी थोरलीचं हृदय थकलं. आता ऑपरेशन तिला झेपणार नाही, आणि ती गेली तर धाकटीही राहणार नाही, हे डॉक्टरांनी दोघींसमोरच सांगितलं.

थोरलीने धाकटीचा हात धरला. "मी तेव्हा हो म्हणायला हवं होतं गं. माझ्या भीतीपायी तुझंही..."

"गप बस," धाकटी म्हणाली. "भीती मलाही वाटत होती. मी बोलले नाही, एवढंच."

आता थोरलीला धाप लागली की धाकटी तिच्या पाठीशी उशी सरकवते आणि तिचा श्वास संथ होईपर्यंत स्वतःही हलत नाही. आई स्वयंपाकघरात उगाच नळ सोडून ठेवते. तरी तिचं रडणं आम्हाला ऐकू येतंच.