भाऊसाहेबांचं ऊन

आधीच सांगून टाकतो... या फेसबुक पानावरचे चमत्कारिक अनुभव मी आजवर चहात खारी बुडवून खावी तसे वाचत आलोय. मजेत. खाली खवचट शेरे मारणाऱ्यांतला एक मीच. त्यामुळे आज मनसोक्त हसा. हसण्यासारखं मी बरंच केलंय.

मी फलटणचा. गोष्ट गेल्या मार्चमधली. माझी मावसबहीण सुलूताई वसई पूर्वेला, एव्हरशाईन सिटीत चौथ्या मजल्यावर राहते. लेकीच्या बाळंतपणासाठी ती आणि दाजी नाशिकला निघाले. घर सांभाळायला माणूस हवा होता. मी उडी मारली — मुंबई बघायची राहिली होती ना!

"पम्या, ही मुंबई नाही रे, वसई आहे."

"आम्हाला विरारपर्यंत सगळी मुंबईच."

"फिर हवा तेवढा. पण भाऊसाहेबांना काही झालं, तर या घराची पायरी चढू नकोस."

भाऊसाहेब म्हणजे इग्वाना. शेपटीसकट चार फुटी हिरवा सरडा! भाच्याने कॉलेजात असताना हौसेने आणला आणि तो गेला कॅनडाला. मग सरडा आला अण्णांच्या गळ्यात — अण्णा म्हणजे ताईचे सासरे. गळ्याखालची लोंबती कातडी आणि अर्धे मिटलेले डोळे बघून नाव त्यांनीच ठेवलं; म्हणायचे, रिटायर्ड मामलेदार दिसतो. रोज दहाला त्याला खांद्यावर घेऊन बाल्कनीत बसायचे. जास्वंदीची पानं कात्रीने बारीक कापून भरवायचे. मी येण्याच्या आठ महिने आधी अण्णा गेले. जाताना ताईचा हात धरून एवढंच म्हणाले, "याला सांभाळशील ना?" तेव्हापासून त्या घरात देवपूजेआधी भाऊसाहेबांचा नाश्ता होतो.

फ्रिजवर ताईने दोन पानी सूचना चिकटवल्या होत्या. मी पहिलं पान वाचलं. त्यात होतं — रोज ऊन दाखवणे.

आता दाखवायचं कसं? त्या नखांना हात लावायची माझी छाती नव्हती. मग डोकं चालवलं. माळ्यावर माशांची जुनी काचेची टाकी सापडली. आत भोपळ्याची फोड ठेवली. भाऊसाहेब डुलत डुलत आत गेले. पळू नयेत म्हणून वर पोळपाट, पोळपाटावर लोणच्याची बरणी. पायपुसण्यावरून टाकी ओढत बाल्कनीत नेली आणि स्वतःचीच पाठ थोपटली. अर्धा तास ऊन खातील, तेवढ्यात आपण वडापाव खाऊ.

खाली स्कूटरवर केळी विकणारा एक जण भेटला. जवळच्या निर्मळ गावचा.

"देऊळ हाय, तळं हाय, वाड्या हायत. लांब नाय, दादा."

नकाशात अंतर बोटभर दिसलं. बसलो रिक्षात.

देवळाच्या पायरीवर तिसरं केळं सोलत होतो, तेव्हा ताईचा फोन आला.

"भाऊसाहेबांना ऊन दाखवलंस?"

"दाखवतोय की!"

"दाखवतोय म्हणजे? कुठे आहेस तू?"

"निर्मळला. ते बाल्कनीत आहेत. माशांच्या टाकीत. वर पोळपाट ठेवलाय, काळजी नको."

मग अगदी बारीक आवाजात — "काचेत उकडून मरतात रे ते. दुसऱ्या पानावर लिहिलं होतं मी... अण्णांना शब्द दिलाय, पम्या."

दहाला ठेवलं होतं. बारा वाजत आले होते.

देवाला नमस्कार करायचा राहिला होता, तो रिक्षातून मागे वळून केला. फ्लायओव्हरवर गाड्या तुंबल्या तेव्हा उतरून पळत सुटलो. पँटच्या नाडीला बांधलेली किल्ली पोटावर आपटत होती. ही एकच किल्ली. दुसरी नाशिकला, दाजींकडे.

दार उघडलं. धावत बाल्कनीत. टाकी रिकामी. पोळपाट भिंतीला टेकवून उभा, शेजारी सावलीत लोणच्याची बरणी — झाकणाला तडासुद्धा नाही.

भाऊसाहेब हॉलमध्ये होते. अण्णांच्या आरामखुर्चीत. पंखा एकवर. पाठीवर ओला पंचा, चौपदरी घडी घातलेला, नीट पिळलेला. समोर बशीत जास्वंदीची पानं, कात्रीने बारीक कापलेली. त्यांनी एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं — स्टॅम्प न लावलेला अर्ज आल्यासारखं — आणि पुन्हा मिटला.

मी फरशीवर बसलो आणि रडलो. अठ्ठेचाळीस वर्षांचा घोडा, सरड्यासमोर.

दार उघडंच होतं. शेजारच्या मेघनावहिनी डोकावल्या.

"काय हो दादा, बाल्कनीतला नळ किती वेळ सोडलात मघाशी! शेवटी मी ओरडले, 'अण्णा, नळ!' सवयीने तोंडात आलं बघा... पण लगेच बंद केलात."

मी मान हलवली.

ताईला फोन लावला. "जिवंत आहेत," हे पहिलं सांगितलं. ती रडायची थांबल्यावर बाकीचं.

"पंचा कसला?" तिने विचारलं.

"लाल काठाचा. कोपऱ्यात रफू केलाय."

"तो माझ्या कपाटात आहे, पम्या. पैठणीखाली. अण्णांचा तेवढाच ठेवलाय मी. आणि कपाटाची किल्ली इथे माझ्या पर्समध्ये आहे."

मी जाऊन हँडल ओढून पाहिलं. कुलूप लागलेलं होतं.

तसं ताईला सांगितलं. मग ती म्हणाली, "वाळत घाल तो. ओला बोळा ठेवलेला अण्णांना खपायचा नाही."

आज वर्ष झालं. शहाण्यांनी बरंच सुचवलंय — सरड्यानेच पोळपाट ढकलला असेल, नळाचा वायसर गेला असेल. पोळपाटाचं मी मान्य करतो. नळाचंही करीन. कपाटाचं तेवढं कुणी सांगा. मला सुचलेलं नाही.

त्या प्रकाराच्या दुसऱ्या दिवशी दहाला मी भाऊसाहेबांना हाताने उचललं. शर्ट फाटला, खांदा ओरबाडला. आरामखुर्ची बाल्कनीत नेऊन ठेवली, पण तिच्यात बसलो नाही. शेजारी स्टूल घेतलं.