दुसरा कौल

फेब्रुवारी २००१, रविवार सकाळ. जागा ग्रामदेवतेच्या देवळाचा सभामंडप. प्रश्न एकशे एक रुपये दंडाचा. हजर: गुरव, चार मानकरी, गावच्या मुंबई मंडळाचे दोघे, शेजारी राहणारी माझी चुलत वहिनी आणि देवस्थानचा हिशेब ठेवणारा म्हणून मी. पायऱ्यांवर उभी असलेली माणसं मोजलेली नाहीत.

दंडाचा नियम आदल्या दिवाळीत झाला होता. १९९८ पर्यंत आमच्या वाळूवर परका माणूस दिसला तर तो रत्नागिरीची वाट चुकलेला असायचा. मग गाड्या येऊ लागल्या. मीही माडाच्या बागेत दोन खोल्या बांधल्या. पाहुणे समुद्रातून निघत ते ओल्या चड्डीवर, उघड्या अंगाने, देवळासमोरच्या दगडी पायऱ्यांच्या पाखाडीने वर येत. गावकीने ठरवलं की देवळासमोरून गुडघे उघडे टाकून कोणी गेलं, तर एकशे एक रुपये दंड. पाहुणा असेल तर ज्याच्याकडे उतरला त्याने भरायचा. नियम मलाही योग्य वाटला.

त्यात गावच्या बायका येतील असं कोणाच्या मनातच नव्हतं. आमच्या बायका ओहोटीला खाडीच्या तोंडाशी मुळे, म्हणजे खायची शिंपली, काढतात. मांडीभर पाण्यात उभं राहायचं, पायाने वाळूतली शिंपली चाचपायची, वाकून काढायची. त्यासाठी लुगडं गुडघ्याच्या वर खोचावं लागतं. सोडलेलं लुगडं पाण्यात पायांना गुंडाळतं आणि तिथला प्रवाह ओढतो. त्याच वेशात, डोक्यावर टोपली घेऊन, त्या पाखाडीने घरी येत. देवळासमोर टोपली टेकवून नमस्कार करत. त्यात बघण्यासारखं काही आहे असं गावात कधी कोणाला वाटलं नव्हतं.

पाहुण्यांना वाटलं. त्यांनी फोटो काढले. त्यातला एक मोठा करून हायवेवरच्या एका हॉटेलात भिंतीवर लागला. वाकलेली बाई, पाठमोरी, उघड्या पोटऱ्या. चेहरा दिसत नव्हता, पण टोपली आणि हिरवं लुगडं वहिनीचं होतं. शिमग्याच्या तयारीसाठी गावी येणारे मुंबईवाले तिथे चहाला थांबले आणि तो बघून आले. बाकीच्या बायका घाबरून घरी बसल्या. वहिनी जात राहिली. तिचा नवरा, माझा चुलतभाऊ दादा, बोटीवरून परतला तो अर्धांगवायू होऊनच. मुळे विकून त्याचं औषध येत होतं.

सभामंडपात तिच्या दंडाचा विषय निघाल्यावर मुंबईवाल्यांपैकी धाकटा म्हणाला, "नियम सगळ्यांना सारखा. पाहुण्यांना एक आणि आपल्यांना एक असं कसं?"

"पाहुण्यांकडून किती जमले?" वहिनीने विचारलं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"अजून काही नाही," मी म्हणालो.

"मग माझ्यापासून सुरवात काय?"

मी सांगितलं की हे कामाचं नेसणं आहे, नियम त्यासाठी केलेला नव्हता. थोरला मानकरी म्हणाला, "तू खोल्यावाला. तू गप ऱ्हा. तुझ्याच पाहुण्यांनी फोटो काढलानी."

ते खरं असेलही. मी बसलो.

वहिनी उठली. पदर खांद्यावरून घेतला. "देवाला विचारा. तो नको म्हणाला तर उद्यापासून जाणार नाही."

कौल म्हटल्यावर कोणाला नाही म्हणता येईना. गुरवाने गाऱ्हाणं घालून वहिनीने खाडीत जावं का ते विचारलं. देवाच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या लावल्या. उजवीकडची पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. आम्ही बघत होतो. थोड्या वेळाने उजवीकडची पाकळी सुटली आणि पायाशी पडली.

वहिनीने हात जोडले. सगळं संपलं असं मी धरून चाललो.

"वारा होता," धाकटा मुंबईवाला म्हणाला. "परत लावा."

गुरव म्हातारा होता. तो म्हणाला, "देवान दिलान ना उजवी. एका गोष्टीक दोनदा नाय इचारत."

"कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला होवं? कधी केलाच नाय तसा."

"आधी गावात कधी असले फोटोही निघाले नव्हते," मुंबईवाला म्हणाला. वहिनीने एकेका मानकऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. माझ्याकडेही पाहिलं.

गुरवाने दुसऱ्यांदा पाकळ्या लावल्या. या वेळी गाऱ्हाणं त्याने अर्ध्यातच सोडलं. दोन्ही पाकळ्या बराच वेळ चिकटून राहिल्या. पायऱ्यांवरची माणसं हळूहळू उतरू लागली. एक म्हातारी चपला हातात घेऊन पळाल्यासारखी गेली. मग डावीकडची पडली.

वहिनी म्हणाली, "तिसऱ्यांदा विचारलात तर?" उत्तराला ती थांबली नाही.

खाडीच्या तोंडाशी त्यानंतर कोणी बाई उतरली नाही. वहिनी माझ्याकडे खोल्यांच्या चादरी धुवायला येऊ लागली, तीही गाऊन घालून, कारण पाहुण्यांसमोर लुगडं बरं दिसत नाही असं तिच्या मुलीनेच तिला सांगितलं. औषधाला ते पुरत नव्हतं. पुढच्या वर्षी दादा गेला. त्या वर्षीच्या मे महिन्यापर्यंत थोरल्या मानकऱ्याने तीन खोल्या बांधल्या आणि पाहुण्यांच्या दंडाचा विषय कोणी काढेना. किनाऱ्यालगतची देवाची राई हॉटेलला द्यायची की नाही हा प्रश्न आला, तेव्हा कौल उजवा पडेपर्यंत चार वेळा लावला. गुरवाच्या जागी तेव्हा त्याचा पुतण्या होता. म्हाताऱ्याने त्या रविवारनंतर गाभाऱ्यात पाय ठेवला नव्हता.

त्या नियमाखाली देवस्थानकडे एकूण एकशे एक रुपये जमा झाले. ते दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनीने दिले, माझ्या हातात, आणि मी ते देवाच्या पेटीत टाकले.