कंट्रोल फोनवरची कबुली

नातवानं जुनी इंदूर भागातल्या कबाड्याकडून रेल्वेचा काळा फोन आणला, आणि त्याचा तो गरम रबरासारखा वास नाकात जाताच मी पुन्हा एकोणीस वर्षांची दीडशहाणी झाले. वडील महूच्या पुढे एका लहान स्टेशनावर मास्तर होते. मला पाहायला आलेला मुलगा पुढच्याच स्टेशनावर असिस्टंट मास्तर. त्यानं दोनदा मागून खाल्लेले पोहे केले होते शेजारच्या काकूंनी, आणि आईनं नाव सांगितलं माझं. खोट्यावर लग्न नको, असं माझ्या मनानं घेतलं. भर दुपारी वडील झंडी घेऊन मालगाडीसाठी बाहेर गेले, तशी मी गाड्यांची खबर द्यायचा कंट्रोलचा फोन उचलला. ज्या स्टेशनाचं नाव घ्यावं तिथेच आवाज जातो, अशी माझी अक्कल! त्याच्या स्टेशनाचं नाव घेऊन म्हणाले, “पोहे मी नव्हते केले. मला चहासुद्धा येत नाही. नाही म्हणायचं तर आत्ताच म्हणा.” मग कंट्रोलवाल्यांचा जाड आवाज आला, “बिटिया, एक ही तार है, पूरी लाइन सुन रही है. और उधरवाले भिया, जल्दी जवाब दो, गाड़ी खड़ी है!” तेवढ्यात हळूच कुणी बोललं, “चहा मला येतो.” लग्नाला लाइनीवरचे झाडून सगळे मास्तर आले, आणि प्रत्येकानं पोहे कुणी केले ते विचारलं. सकाळचा चहा आजही हेच करतात. मला तो केव्हाचाच येतो, पण ही कबुली द्यायला आता नातवानं आणलेला हा फोन कुठल्या तारेला जोडलेला नाही.