भांडण लावणारं वाक्य

आगरी हळदीवर मला एमएचा निबंध लिहायचा होता आणि ऐन हळदीच्या घरात बसून मी रडकुंडीला आले होते. बदलापूर गावातल्या आमच्या घरी चुलतभावाचं लग्न. दारात मांडव चढत होता, ओट्यावर आई, मोठी काकी आणि आत्या तांदूळ निवडत होत्या आणि माझ्या मांडीवर एक कागद होता. सोमवारी मॅडमना निबंधाचं मुख्य विधान दाखवायचं होतं. ते मान्य झालं नाही तर निबंध पुढच्या सत्रावर जाणार होता.

पहिलं विधान मॅडमनी तिथल्या तिथे परत केलं होतं. उल्हासनगरच्या आमच्या कॉलेजातल्या या मॅडम सिंधी, कॅम्प तीनमधल्या कापड दुकानदाराच्या घरात वाढलेल्या. "आगरी समाजात हळदीला महत्त्वाचे स्थान आहे" हे माझं वाक्य वाचून त्या म्हणाल्या, "बेटा, ये तो दुकानाचा बोर्ड झाला. आत माल काय आहे? ज्याच्याशी कुणी भांडूच शकत नाही, ते सिद्ध कशाला करायचं?"

भांडण हवं असेल तर आमच्या घरासारखं घर नाही. भातात पाणी किती घालायचं यावरूनही आमच्याकडे दोन तट पडतात. म्हणून मी ठरवलं, विधान घरच्यांसमोर ठेवायचं. कुणी उसळलं की ते पक्कं.

मी मोठ्याने वाचलं, "हळदीच्या विधीतून समाजाच्या सांस्कृतिक ऐक्याचे दर्शन घडते."

मोठ्या काकीने सुपातले तांदूळ पाखडता पाखडता मान डोलावली. "बराबर."

मी दुसरं वाचलं, तिसरं वाचलं. "किती चांगलं लिवलंय गो पोरीनं!" आत्या कौतुकाने म्हणाली. जन्मात कुणाचं ऐकून न घेतलेल्या या बायका एकदम गरीब गाय झाल्या होत्या. पुस्तकी मराठी कानावर पडली की आमची माणसं वाद घालत नाहीत, मान देतात. माझं डोकं सणकलं.

कागद बाजूला टाकून मी म्हणाले, "आता खरं सांगू? जमिनी इकल्या म्हणून आपली हलद मोठी झाली. आधी लावणीला सगली भावकी एकमेकांच्या शेतावर राबायची. शेती गेली, एकत्र राबायला काय उरलं नाय. म्हणून हलद वाढवली."

सुपं थांबली.

"काय बोलते!" आत्या कडाडली. "माझ्या हलदीला काय मानसं कमी होती?"

मांडवाच्या बांबूवरून काका ओरडले, "डीजेनं वाढली हलद! शेतीचं काय घेऊन बसलीस?"

मोठी काकी मात्र माझ्या बाजूने उठली. "खरं बोलते पोरगी. आपन सगल्या एका ओट्यावर बसतो कवा? लगीन असलं तरच ना?"

"मंग ज्यांनी जमीन इकली नाय, त्यांची हलद का मोठी?" हे आईचं. तिने तांदळाचं ताट खाली ठेवलं होतं, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

काका खाली उतरले, मांडव अर्धा राहिला, जेवण लांबलं. मी मात्र आनंदाने वेडी व्हायची बाकी होते. प्रत्येकाचं म्हणणं भराभर टिपून घेत होते आणि प्रत्येकाला उत्तर द्यायला माझ्याकडे काहीतरी होतं. इतके दिवस ते कुठे लपलं होतं कोण जाणे.

सोमवारी मॅडमनी वाचलं, "हळद मोठी झाली ती परंपरेमुळे नव्हे, तर शेती गेल्यावर भावकीला एकत्र राबायला दुसरं निमित्त उरलं नाही म्हणून." त्यांनी चष्मा काढला.

"मला नाही पटत. आमच्याकडे शेती कधीच नव्हती, तरी लग्नं वाढलीच ना?"

मी उत्तर द्यायला लागले. आम्ही भांडत भांडत जिना उतरलो आणि खाली गेटपाशी मॅडमनी हसत कागदावर सही केली.

शेअर रिक्षात बसल्या बसल्या मी आईला फोन लावला. "आई, विधान पास! मॅडमना अजिबात पटलं नाही!"

"मना तरी कुठं पटलंय?" आई म्हणाली. "घरी ये, सांगते."